घरात एकाला खाण्याचा विकार असतो तेव्हा भावंडांचे काय होते?

सातवीतला एक मुलगा तीन महिन्यांत तिसऱ्यांदा पोटदुखीसाठी माझ्या दवाखान्यात आला होता. दुखणे बेंबीभोवती, बहुतेक संध्याकाळी, रात्रीच्या जेवणाच्या आधी. ताप नाही, जुलाब नाहीत, वजन वयाप्रमाणे. पहिल्या वेळी मी जंतांचे औषध दिले होते, दुसऱ्या वेळी ॲसिडिटीचे. सोनोग्राफीही करून घेतली, ती नॉर्मल आली. तिसऱ्या वेळी आई फोन घ्यायला बाहेर गेली तेव्हा मी सहज विचारले, "रात्री जेवायला कोण कोण असतं रे?" तो म्हणाला, "सगळे असतात. ताई जेवत नाही. मग आई रडते, बाबा ओरडतात. मी पटकन जेवून उठतो."

त्याच्या थोरल्या बहिणीला ॲनोरेक्सिया असल्याचे निदान सहा महिन्यांपूर्वी झाले होते. तिच्या रक्ततपासणीचा प्रत्येक कागद मी पाहिला होता. धाकट्याचे कसे चालले आहे, हे मी एकदाही विचारले नव्हते.

ओळख पटू नये म्हणून या घराचे काही तपशील बदलले आहेत. पण अशी घरे वेगळी नसतात. एका मुलाला किंवा मुलीला खाण्याचा विकार झाला की आई-वडील, डॉक्टर, समुपदेशक, शाळा अशा सगळ्यांचे लक्ष तिच्या ताटाकडे आणि वजनकाट्याकडे लागते. ते लागायलाच हवे, कारण हा आजार जिवावर बेतू शकतो. मात्र त्याच पंगतीत बसलेल्या दुसऱ्या मुलाकडे बघायला कोणी उरत नाही. हा लेख त्या दुसऱ्या मुलासाठी आणि त्याच्या आई-वडिलांसाठी आहे. सोयीसाठी मी आजारी मुलीला 'ती' आणि भावंडाला 'तो' म्हणेन. प्रत्यक्षात मुलग्यांनाही हे विकार होतात आणि त्यांचे निदान बरेचदा उशिरा होते, कारण कोणाच्या मनातच येत नाही.

खाण्याचे विकार म्हणजे काय?

ॲनोरेक्सिया नर्व्होसामध्ये वजन वाढण्याची तीव्र भीती असते. खाणे कमी कमी होत जाते आणि शरीर वाळत चालले तरी तिला आरशात ते जाडच दिसते. बुलिमिया नर्व्होसामध्ये थोड्या वेळात खूप खाल्ले जाते, खाताना ताबा राहत नाही, आणि नंतर ते भरून काढण्यासाठी मुद्दाम उलटी करणे, जुलाबाच्या गोळ्या घेणे, कडक उपास किंवा अति व्यायाम केला जातो. बिंज ईटिंग डिसऑर्डरमध्ये असेच ताबा सुटून खाणे असते, पण त्यानंतर उलटी वगैरे नसते. उरते ती शरम.

नुसते अंगकाठीकडे बघून निदान करू नका. बुलिमियाच्या बऱ्याच रुग्णांचे वजन चारचौघांसारखेच असते. आणि याला 'नखरे' म्हणू नका. मानसिक आजारांमध्ये ॲनोरेक्सिया हा सर्वाधिक मृत्यू होणाऱ्या आजारांपैकी एक आहे. काही मृत्यू हृदयाच्या आणि क्षारांच्या गडबडीमुळे होतात, काही आत्महत्येमुळे.

'ताई अशी का वागते?' या प्रश्नाचे उत्तर

भावंडे मला हा प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत विचारतात. पूर्वी माझ्याशी पत्ते खेळायची, आता खोलीचे दार लावून बसते. स्वतः खात नाही, पण मला मात्र दुसरी पोळी घ्यायला लावते. दिवसभर पाककृतींचे व्हिडिओ बघते, केक करते, सगळ्यांना वाढते आणि तोंडात कणही घालत नाही. मी माझ्या ताटात भात कमी घेतला तर तिला राग येतो.

यातले बरेचसे वागणे स्वभावाचे नसून उपाशी मेंदूचे असते. १९४४ च्या नोव्हेंबरमध्ये अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात ॲन्सेल कीज या शास्त्रज्ञांनी ३६ तरुणांवर एक प्रयोग सुरू केला. युद्धात उपासमार झालेल्या लोकांना पुन्हा कसे खाऊ घालावे, हे त्यांना शोधायचे होते. तरुण स्वेच्छेने आले होते, आणि शरीराने व मनाने धडधाकट म्हणूनच निवडले गेले होते. सहा महिने त्यांना पूर्वीच्या साधारण निम्म्या उष्मांकांचे जेवण मिळाले आणि त्यांचे वजन जवळपास एक चतुर्थांशाने उतरले. पण गंमत वजनात नाही. हे तरुण दिवसभर अन्नाचाच विचार करू लागले. पाककृतींची पुस्तके वाचू लागले, जमवू लागले. ताटातल्या चिमूटभर गोष्टीचे तुकडे करून ती तासभर पुरवून खाऊ लागले. चिडचिडे झाले, उदास झाले, मित्रांपासून तुटले, थट्टामस्करी बंद झाली. त्यांच्यापैकी कोणालाही बारीक व्हायचे नव्हते. पुरेसे अन्न मिळू लागल्यावरही पूर्ववत व्हायला अनेक महिने लागले.

मी ही गोष्ट दहा वर्षांच्या मुलांनाही सांगतो आणि त्यांना ती कळते. ताईचा राग तुझ्यावर नसतो, तिचा मेंदू उपाशी असतो, हे ऐकल्यावर मुलाचा चेहरा सैल होतो. अर्थात सगळेच वागणे उपासमारीने समजावता येत नाही. आजाराची भीती वेगळी असते, ती वजन वाढल्यावरही काही काळ टिकते. पण आपली बहीण आतून संपली, हा भावंडांचा सर्वांत खोल समज खरा नाही, हे त्यांना कोणीतरी सांगायला हवे.

जेवणाच्या वेळी घरात काय घडते

मोठ्या घरात मूल निदान खोलीत जाऊन दार लावू शकते. वन रूम किचनमध्ये ती सोय नसते. तिथे ओट्यापासून दोन हातांवर ताट, ताटासमोर रडारड, आणि त्याच चटईवर उद्याच्या चाचणीचा अभ्यास. रोज दोनदा, महिनोन् महिने.

हळूहळू घराचे नियम बदलतात. भाजीला तेल नाही, वरणावर तूप नाही, घरात श्रीखंड आणायचे नाही, कारण ती बघून अस्वस्थ होते. बाहेर जेवायला जाणे बंद, पाहुण्यांना बोलावणे बंद. हे सगळे प्रेमापोटी आणि भांडण टाळण्यासाठी होते. त्याचा एक परिणाम आजारावर होतो: आजाराला मोकळीक मिळते. दुसरा परिणाम धाकट्यावर होतो: वाढीच्या वयात त्याच्या ताटातले तूप जाते, त्याच्या वाढदिवसाचा केक जातो, आणि याबद्दल कुरकुर केली तर "तुला काही समजतं का, ती आजारी आहे" हे ऐकावे लागते.

बुलिमिया असेल तर चित्र वेगळे. खाऊचा डबा रिकामा सापडतो, आणि संशय आधी धाकट्यावरच येतो. त्याच्या पाकिटातले पैसे नाहीसे होतात. जेवणानंतर न्हाणीघरातून नळ सोडल्याचा आवाज येत राहतो आणि नळाच्या आवाजामागे काय आहे हे आई-वडिलांच्या बरेच आधी भावंडाला कळलेले असते. मग ती त्याला शपथ घालते: आईला सांगू नकोस. बारा-तेरा वर्षांच्या मुलाने हे गुपित सांभाळायचे असते, आणि बहिणीला काही झाले तर आपण गप्प राहिलो म्हणून झाले, हे ओझेही त्यानेच वाहायचे असते.

भावंडाच्या मनात काय चालते?

सर्वांत आधी भीती. ताई मरेल का, हा प्रश्न बहुतेक मुलांच्या मनात असतो आणि तो मोठ्यांसमोर फार थोडी मुले विचारतात. काही मुले रात्री उठून बहिणीचा श्वास चालू आहे ना ते बघून येतात.

मग राग, आणि रागाची लाज. "सगळं घर तिच्याभोवती फिरतं" असे एखाद्या कॉलेजातल्या मुलीने म्हटले की पुढच्याच वाक्याला ती रडते, कारण आजारी बहिणीचा हेवा वाटणे हे पाप आहे असे तिला वाटते. ते पाप नाही. पालकांचा वेळ, पैसा आणि धीर खरोखरच एका बाजूला वाहत असतो. बहिणीला रुग्णालयात दाखल केल्यावर घरात शांतता झाली आणि मला बरे वाटले, हेही मुले सांगतात. हे ऐकून धक्का बसू देऊ नका.

अपराधीपणाची एक खास तऱ्हा आपल्या घरांत फार दिसते. आपल्याकडे भावंडांनी एकमेकांना रूपावरून चिडवणे हा जणू हक्क असतो: बटाटा, ढोली, हत्ती. मग कधीतरी तो हिशेब मांडतो की मी चिडवले म्हणून तिने खाणे सोडले. या मुलाला खरे सांगा. वजनावरून चिडवणे वाईट आहे, त्याने जखम होते आणि ते घरात कोणीच करू नये, मोठ्यांनीसुद्धा. आत्या आणि मावश्या या बाबतीत मुलांपेक्षा पुढे असतात. पण एका शब्दामुळे हा आजार होत नाही. असे शब्द लाखो मुले ऐकतात आणि त्यांतल्या फार थोड्यांना तो होतो.

काही भावंडे 'शहाणी' होतात. कसला हट्ट नाही, तक्रार नाही, मार्क चांगले, ताट लख्ख. आई कौतुकाने म्हणते, "याचं मला काही बघावंच लागत नाही." इंग्रजीत अशा मुलांना काचेची मुले म्हणण्याची पद्धत आहे, कारण पालकांची नजर त्यांच्या आरपार जाऊन आजारी भावंडावर पडते. दवाखान्यात मला आदळआपट करणाऱ्या मुलापेक्षा या मुलाची काळजी जास्त वाटते. आदळआपट करणारा निदान सांगतो तरी.

आणि काही भावंडे बहिणीसारखीच खाऊ लागतात. कधी नक्कल म्हणून, कधी तिच्याशी स्पर्धा म्हणून, कधी याच मार्गाने घरात लक्ष मिळते हे दिसते म्हणून. काही उलट, तिच्या वाटचेही खाऊन आईला खूश करतात.

मोठ्या, लग्न झालेल्या किंवा बाहेरगावी असलेल्या भावंडांचे दुखणे निराळे. ती दर फोनला आईचा रडका आवाज ऐकतात, आपण सुटलो याची बोच बाळगतात, आणि गणपतीला घरी आल्यावर दोन दिवसांत सगळे सुटावे म्हणून बहिणीला धारेवर धरतात. त्याचा उपयोग होत नाही. तिला आठवड्यातून एकदा फोन करून खाण्याव्यतिरिक्त कशाबद्दलही बोलणारा दादा जास्त कामाचा.

दोष कोणाचा?

हा प्रश्न घर फोडतो, म्हणून त्यावर थोडे थांबू.

१८७३ मध्ये लंडनचे डॉक्टर विल्यम गल यांनी या आजाराला ॲनोरेक्सिया नर्व्होसा हे नाव दिले. अशा रुग्णाची शुश्रूषा करायला नातेवाईक सर्वांत वाईट, असे त्यांचे मत होते. पुढे जवळजवळ शंभर वर्षे मुलीला घरापासून दूर ठेवणे हाच उपचार समजला गेला. १९७८ मध्ये साल्वादोर मिनुचिन आणि सहकाऱ्यांनी 'सायकोसोमॅटिक फॅमिलीज' या पुस्तकात अशा कुटुंबांचा साचाच मांडला: एकमेकांत नको इतके गुंतलेले, अति जपणारे, ताठर, भांडण टाळणारे. एकाच साच्याचे कुटुंब आजार घडवते, हे पुढच्या संशोधनात टिकले नाही. आजारी मूल घरात असताना कोणतेही कुटुंब गुंतलेले आणि घाबरलेले दिसणारच. कारण आणि परिणाम यांची अदलाबदल झाली होती.

दुसरीकडे जुळ्यांच्या अभ्यासांतून आनुवंशिकतेचा मोठा वाटा दिसत गेला. २०१९ मध्ये सुमारे १७ हजार ॲनोरेक्सियाच्या रुग्णांच्या जनुकीय अभ्यासात या आजाराशी जोडलेल्या ८ जागा सापडल्या. त्यांचा संबंध मानसिक गुणधर्मांशी होता तसाच शरीराच्या चयापचयाशीही होता. थोडक्यात, कल जन्मतः असतो. डाएट, आजारपण, स्पर्धा, ताण, टोमणे यांपैकी काहीतरी त्याला चालना देते.

इतके असूनही आपल्याकडे दोष आईच्या पदरात पडतो. आजी म्हणते लाडावून ठेवली, आत्या म्हणते आईच सारखी डाएट करायची, वडील म्हणतात तू घरी असतेस तर बघत का नाहीस. आई मग वडिलांच्या ओरडण्याकडे बोट दाखवते. एक जण जितका कडक होतो, तितका दुसरा मऊ होतो, आणि आजार बरोबर त्या फटीत बसतो. बाबांनी पोळी खायलाच लावली तर आई हळूच अर्धी काढून घेते, हे त्या मुलीला ठाऊक असते. धाकट्यालाही ठाऊक असते. त्याच्या दृष्टीने आता आजार दुय्यम होतो. आई-बाबा वेगळे होतील का, ही भीती मोठी होते.

लंडनच्या प्राध्यापक जॅनेट ट्रेझर कुटुंबांना प्राण्यांची उदाहरणे देऊन हे समजावतात, आणि ती मला फार उपयोगी पडतात. पिल्लाला पिशवीत घालून फिरणारी कांगारू आई. मुसंडी मारणारा गेंडा. वाळूत डोके खुपसलेला शहामृग. रडून विरघळणारा जेलीफिश. त्यांचे म्हणणे असे की डॉल्फिनसारखे व्हा: बुडणाऱ्याच्या बाजूने पोहायचे, कधी पुढे वाट दाखवायची, कधी मागून हलकेच ढकलायचे. जेवणाच्या टेबलावर बसलेल्या कुटुंबाला मी विचारतो, यात तुम्ही कोण? उत्तरे हसत येतात, आणि बरेचदा धाकटाच म्हणतो, "मी शहामृग."

भावंडाचे काम कोणते, आणि कोणते नाही

लंडनच्या मॉड्स्ली रुग्णालयात १९८० च्या दशकात घराला उपचारातून बाहेर काढण्याऐवजी उपचाराच्या मध्यभागी आणले गेले. १९८७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तिथल्या अभ्यासात, कमी वयात सुरू झालेल्या आणि तीन वर्षांपेक्षा कमी काळ चाललेल्या ॲनोरेक्सियामध्ये कौटुंबिक उपचार हे एकट्या रुग्णाशी बोलण्याच्या उपचारापेक्षा सरस ठरले. आज मुलामुलींच्या ॲनोरेक्सियासाठी हीच पद्धत पहिली सुचवली जाते. सुरुवातीला काय आणि किती खायचे हे आई-वडील ठरवतात, मग थोडे थोडे नियंत्रण तिच्या हातात परत दिले जाते, आणि शेवटी तिच्या वयाला साजेशा इतर प्रश्नांकडे वळले जाते.

या पद्धतीत भावंडांनाही बोलावतात, पण त्यांना वेगळे काम देतात. खाऊ घालणे हे आई-वडिलांचे काम. भावंडाने तिला सोबत करायची: जेवणानंतरचा कठीण अर्धा तास तिच्याबरोबर कॅरम खेळायचा, मालिका बघायची, तिची बडबड किंवा तिचे गप्प बसणे सहन करायचे. तिने किती घास खाल्ले हे मोजायचे नाही. न्हाणीघराबाहेर उभे राहायचे नाही. डबा शाळेत खाल्ला का याची चुगली आणायची नाही. एकाच शाळेत जाणाऱ्या भावाला पहारेकरी नेमण्याचा मोह पालकांना हमखास होतो. तो टाळा. पहारेकरी झाल्यावर तो तिचा भाऊ राहत नाही, आणि तिच्या बाजूचे घरात कोणी उरत नाही. शाळेत लक्ष ठेवायचे असेल तर वर्गशिक्षकांशी बोला.

याला एकच अपवाद, आणि तो मुलाला स्पष्ट सांगून ठेवा: ती बेशुद्ध पडली, तिने उलटीत रक्त पाहिले, गोळ्या घेताना दिसली, स्वतःला इजा केली किंवा जगायचे नाही असे म्हणाली, तर शपथ घातली असली तरी लगेच मोठ्या माणसाला सांगायचे. ही चहाडी नाही. आणि सांगितल्यावर "आधी का नाही सांगितलंस" असे त्याला कधीही म्हणू नका.

आई-वडिलांनी काय करावे?

आजाराचे नाव घ्या. धाकट्यापासून लपवलेला आजार त्याच्या कल्पनेत मोठा होतो. सात-आठ वर्षांच्या मुलाला इतके पुरते: "ताईला एक आजार झाला आहे. त्यात खायची खूप भीती वाटते. तो तुझ्यामुळे झाला नाही, तुला लागणार नाही, आणि तो बरा करायचं काम आमचं आणि डॉक्टरांचं आहे." मोठ्या मुलाला जास्त सांगा, आणि तो मरणाबद्दल विचारेल तेव्हा विषय बदलू नका. आजार गंभीर आहे, म्हणूनच आपण उपचार करतो आहोत, आणि बरे होणारे रुग्ण पुष्कळ असतात, हे सगळे खरे आहे.

त्याचे जेवण त्याचे राहू द्या. वाढत्या मुलाला तूप, दूध, शेंगदाणे, गोड हे सगळे लागते. तिला त्रास होतो म्हणून घरातून पदार्थ हद्दपार करू नका. त्याने तिचेही भले होत नाही.

रोज थोडा वेळ फक्त त्याचा ठेवा. दिवसाला दोन तास काढा असे मी सांगणार नाही, ते जमत नाही. त्या सातवीतल्या मुलाच्या घरी आम्ही इतकेच ठरवले की रात्रीच्या जेवणाआधी बाबा त्याला घेऊन खाली वीस मिनिटे चक्कर मारतील आणि त्या वेळात ताईचा विषय निघणार नाही. शिवाय त्याला जेवून लवकर उठायची परवानगी दिली, उघडपणे, म्हणजे त्याला पळून गेल्यासारखे वाटू नये. महिन्याभरात पोटदुखी कमी झाली. औषध मी बंदच केले होते.

जेवताना खाण्यावर बोलू नका. उष्मांक, वजन, कोण किती सुटले, कोणत्या मामीने किती किलो कमी केले, काही नाही. आई-वडिलांमधले मतभेद ताटासमोर नकोत. रात्री दार लावून भांडा, सकाळी एक बोला.

नातेवाइकांचा प्रश्न आपल्याकडे मोठा आहे. लग्नाच्या वेळी अडचण येईल म्हणून आजार लपवायचा, आणि लपवण्याचे काम मुलांना द्यायचे, हे थांबवा. "तिची तब्येत बरी नाही, उपचार चालू आहेत, तिच्या खाण्यावर आणि दिसण्यावर काही बोलू नका" हे एक वाक्य ठरवून ठेवा आणि ते तुम्हीच सांगा. उपासांकडेही लक्ष असू द्या. संकष्टी, एकादशी, नवरात्र हे खाणे टाळण्याचे सन्मानाने मिळालेले निमित्त होऊ शकते. आजार असेपर्यंत तिला उपास नको, हे डॉक्टरांच्या तोंडून आजीला ऐकवले तर वाद कमी होतो. मी हे काम अनेकदा केले आहे.

एक सावधगिरी: वजन फार उतरले असेल किंवा बरेच दिवस जवळजवळ काहीच खाल्ले नसेल, तर घाबरून एकदम भरपूर खायला घालू नका. उपाशी शरीरात अचानक अन्न गेले की रक्तातले फॉस्फेट, पोटॅशियम घसरून हृदयावर परिणाम होऊ शकतो. खाणे कसे वाढवायचे हे डॉक्टरांच्या देखरेखीखाली ठरवा.

भावंडाला तपासणीची गरज केव्हा?

आजार असलेल्या व्यक्तीच्या सख्ख्या भावंडांना खाण्याच्या विकाराचा धोका इतरांपेक्षा जास्त असतो. म्हणून रोज वजन करू नका, त्याने उलटेच होईल. पण वाढीच्या वयात वजन वाढायचे थांबले, मुलीची पाळी चुकू लागली, ती एकटीनेच जेवू लागली, अचानक एकेक पदार्थ सोडू लागली, तर वाट न पाहता दाखवा. वारंवार पोट किंवा डोके दुखणे, झोप उडणे, शाळा टाळणे, मार्क घसरणे, विनाकारण रडणे किंवा एकदम गप्प होणे, यांपैकी काहीही दोन-तीन आठवडे टिकले तर फॅमिली डॉक्टरांना घरातली परिस्थिती सांगूनच दाखवा. सांगितले नाही तर ते माझ्यासारखे जंतांचे औषध देतील.

लगेच रुग्णालयात केव्हा न्यावे?

चक्कर येऊन पडणे, छातीत धडधड किंवा दुखणे, विश्रांतीच्या वेळी नाडी मिनिटाला ५० च्या खाली, पाणीही न पिणे, उलटीत रक्त, खूप अशक्तपणा किंवा गोंधळलेले बोलणे, आत्महत्येचे विचार. यांपैकी काहीही असेल तर त्याच दिवशी. महाराष्ट्रात रुग्णवाहिकेसाठी १०८. मनाच्या त्रासासाठी, रुग्णाच्या आणि भावंडाच्याही, टेलिमानस ही सरकारी सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास मोफत आहे आणि मराठीत बोलता येते. उपचारांसाठी मानसोपचारतज्ज्ञ, फिजिशियन किंवा बालरोगतज्ज्ञ आणि आहारतज्ज्ञ असे एकत्र लागतात. वैद्यकीय महाविद्यालयांशी जोडलेल्या सरकारी रुग्णालयांत मानसोपचाराचा बाह्यरुग्ण विभाग असतो.

पालक नेहमी विचारतात ते प्रश्न

ती रुग्णालयात असताना धाकट्याला भेटायला न्यावे का?
त्याला यायचे असेल तर हो. आधी सांगून ठेवा की नाकात नळी असेल, सलाइन असेल, ती फार बोलणार नाही. भेट छोटी ठेवा. यायचे नसेल तर आग्रह करू नका. चिठ्ठी किंवा चित्र पाठवले तरी चालते.

त्याची दहावी आहे. वर्षभर मामाकडे ठेवू का?
काही घरांत याचा उपयोग होतो, पण निर्णय त्याला विचारून घ्या. न विचारता पाठवलेल्या मुलाला आपल्याला घरातून काढले असे वाटते. काही आठवडे अभ्यासिकेत किंवा मित्राकडे जेवणे हा मधला मार्गही आहे.

दोघांचे पूर्वीसारखे जमेल का?
वजन सावरल्यावर बहीण पुन्हा हसू-बोलू लागते, पण त्याचा राग तेव्हाच वर येतो. इतके दिवस तो दाबून ठेवलेला असतो. "आता ती बरी आहे, मग तू का चिडतोस?" असे विचारू नका. त्याला बोलू द्या, लागल्यास समुपदेशकाकडे त्याची स्वतंत्र वेळ घ्या. आजारातून बाहेर आलेल्या काही मुली स्वतःहून भावाशी त्या दिवसांबद्दल बोलतात. ते केव्हा करायचे हे तिच्यावर सोडा.